चाळीस किलोंचा पिंजरा

गॅरेजमधले किस्से नटबोल्टसारखे असतात. गाडी पूर्ण जोडून झाली तरी मूठभर उरतातच, आणि ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. बडनेऱ्याच्या प्रमोदभाऊंच्या गॅरेजात बसून बसून माझ्याकडे असे बरेच जमलेत.

मी अमरावतीत गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. गाडीत काहीतरी घालणं हा माझा धंदा, अन् काढून फेकणं हा प्रमोदभाऊंचा छंद. त्यांनी एक जुनी छोटी कार ड्रॅग रेससाठी करायला घेतली. सरळ रस्ता, दोन गाड्या, चारशे मीटर, आधी पोचला तो जिंकला, एवढाच खेळ. गाडी हलकी तर पळणार जोरात, हे मलाही कळत होतं. पण काय काढलं की नुसतं वजन जातं अन् काय काढलं की चालवणारा जातो, हे मला कुणी नीट सांगेना. मुख्य भांडण पिंजऱ्याचं. चालवणाऱ्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात, गाडी उलटली तर तो माणसाला वाचवतो. प्रमोदभाऊंची मुलगी प्रेरणा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, ती रोज म्हणायची की पिंजरा टाकाच. प्रमोदभाऊ एकच सांगायचे.

"चाळीस किलो लोखंड कायले वागवू? गाडी सरळ जाते. उलटन कायले?"

*

वजन करायला आम्ही शेजारच्या कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर जायचो. पुढे कापसाचा ट्रॅक्टर, मागे कापसाचा ट्रॅक्टर, अन् मध्ये आमची ही उघडीनागडी कार.

एकदा भाऊंनी दिवसभर खपून आरसे, अ‍ॅश ट्रे, पायाखालचा गालिचा, छताचं कापड, सगळं काढलं. काटा जिथल्या तिथे! तो काटा दहा-दहा किलोंनीच हलायचा, कापसाच्या गाड्यांना तेवढं पुरतं. भाऊ काट्यावरच बिघडले. तेवढ्यात गाडी चालवणारा सिद्धार्थ पाणी प्यायला खाली उतरला आणि आकडा धाडकन ऐंशीनं खाली आला.

भाऊ त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. मला तेव्हाच त्या बिचाऱ्याची काळजी वाटली.

*

सिद्धार्थ अकोल्याचा, सरकारी नोकरीतला, दर रविवारी रेल्वेनं बडनेऱ्याला येणारा. जिवाला जीव देणारा माणूस आहे, अन् भाऊंनी ते फारच मनावर घेतलं.

सीट जड म्हणून त्यांनी ती काढून माझ्या दुकानात आणून टाकली. तिच्या जागी काय लावलं असेल? मांडवातली प्लास्टिकची खुर्ची. पाय कापून, बोल्ट मारून! मी म्हटलं, भाऊ, यावर माणूस जेवायला बसतो, रेसला नाही. त्यांनी ऐकलं नाही.

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात परवानगी काढून आम्ही चाचणी घेतली. सिद्धार्थनं क्लच सोडला, गाडी उसळली आणि खुर्चीची पाठ मोडून तो उताणा झाला. गाडी मात्र सरळ चाललेली. शेवटी तुराट्यांच्या गंजीत घुसून थांबली. आम्ही धावत गेलो. आत सिद्धार्थ तसाच पडलेला, डोळे उघडे.

"भाऊ," तो म्हणाला, "रस्ता सोडून मले सगळं दिसून राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी सीट परत आली. पिंजऱ्याला मात्र भाऊंचा नकारच.

*

नियमाप्रमाणे आग विझवायचा सिलिंडर गाडीत लागतो. भाऊंनी तो हातात तोलून पाहिला आणि त्यातली अर्धी पावडर काढून टाकावी, असा विचार बोलून दाखवला. एवढ्याशा गाडीला आग लागून लागून किती लागणार, असं त्यांचं गणित.

प्रेरणा शांतपणे म्हणाली, "बाबा, मंग सिद्धार्थदादा बी अर्धाच जळन काय?"

सिलिंडर भरलेलाच राहिला. सिद्धार्थ तेव्हा चहा पीत होता, त्यानं कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

*

मग लग्नसराई आली. सिद्धार्थच्या घरी दोन लग्नं झाली आणि तो परतला तो चांगला गरगरीत होऊन. भाऊंनी कपाळाला हात लावला. इतका पत्रा कापून जे कमवलं ते या माणसानं बुंदीत घालवलं, असं ते आल्यागेल्याला सांगत सुटले. शेवटी त्यांनी भर गॅरेजात जाहीर केलं की आपल्यात जो सगळ्यात हलका, तोच स्पर्धेत गाडी चालवणार. विषय संपला.

प्रेरणा हात पुसत पुढे आली.

"मी अठ्ठेचाळीस किलोची हाय, बाबा. तुमच्या गाडीवर माहा हात बी बसला हाय."

सूतगिरणीत सिद्धार्थकडून ती गाडी चालवायला केव्हाच शिकली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंनाही. स्वतःचाच नियम, मोडणार कसा? पाना खाली ठेवला अन् घरी निघून गेले.

*

पुढचे काही दिवस गॅरेजचं शटर अर्धं खाली आणि आत वेल्डिंग चालू. मला आत घेतलं नाही. फक्त सीट माझ्याकडे आली, मानेमागे अजून जाड फोम भरून पाहिजे म्हणून. मी भरून दिला.

स्पर्धेला जायच्या आधी आम्ही गाडी काट्यावर नेली. आत हेल्मेट घालून, पट्टे आवळून प्रेरणा बसलेली. आकडा आला तो गाडी नवी असताना होती त्यापेक्षाही जास्त. सिद्धार्थनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

काटेवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"कापसात दगड भरनारे लय पाह्यले, भाऊ. कारीत भरनारे तुमीच पयले. काय माल हाय आत?"

प्रमोदभाऊ वाकून दाराजवळचा पिंजऱ्याचा आडवा पाइप हातानं हलवून बघत होते. वर न बघताच ते म्हणाले, "माल नाही, बापू. लेक हाय."