एकेचाळीस कोंबे आणि एक रकाना

चहा घ्या आधी. आता विषय काढलातच, तर माझी कशी शोभा झाली ते माझ्याच तोंडून ऐका. बाहेर ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल.

मी पशुधन पर्यवेक्षक. सोप्या भाषेत, गुरांचा अर्धा डॉक्टर. बावीस वर्षं गाईम्हशींच्या मागे उभा राहून कंबर गेली. बदली मागितली, तर साहेबांनी प्रशिक्षणाला पाठवलं. जगात कुठे कुठल्या जनावराला, पाखराला साथ आली, ते तिथे एका नकाशावर दाखवलं. साथ आली की लाल ठिपका.

तेव्हापासून मला नादच लागला. दात घासायच्या आधी नकाशा. कुठे समुद्रावर सील मरताहेत, कुठे रानडुकरं, कुठे बदकं. बायको म्हणायची, "आपली म्हस दोन दिस चरणा नाय, ती खंयच्या नकाशात दिसता?"

आपल्या सिंधुदुर्गावर मात्र एक ठिपका नाही. खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटायचं.

तर झालं असं. एका वाडीत कोंबड्या मोजायला गेलो. वाडीचं नाव विचारू नका, मला अजून तिकडून जावं लागतं. मागच्या खेपेला वहीत कोंबे, म्हणजे कोंबडे, होते त्रेसष्ट. या खेपेला बावीस. आणि कोंबड्या? जशाच्या तशा. एकेचाळीस नर गायब आणि माद्यांना साधी शिंक नाही. असला रोग जगाच्या नकाशावर कुठेच नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

पहिलं घर सुलोचनाकाकीचं. बाई एकटी, अंडी विकून तिचा बाजारहाट चालतो. विचारलं, "काकी, कोंबे खंय गेले?"

काकीने पदर तोंडाला लावला. "माका काय म्हायत नाय."

शेजारी बाबलभाऊ, वाडीचे मानकरी. ते म्हणाले, "डॉक्टर, ता विचारू नकात."

आता तुम्हीच सांगा, प्रशिक्षणात हेच तर शिकवलं होतं. साथ आली की लोक लपवतात.

वाडीच्या सीमेवर एका झाडाखाली पिसांचा हा ढीग. रक्त सांडलेलं. मी फोटो काढले. मध्ये फोडलेले नारळ येत होते, फुलं येत होती, पुरावा नीट दिसेना. मी ते पायाने नाही हो, हाताने, अदबीने बाजूला केले आणि परत फोटो काढले. खाली लिहिलं, 'अज्ञात रोग, फक्त नरांना.' आणि दिलं तालुक्याला पाठवून.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या आल्या. पांढरे झगे घातलेली माणसं उतरली, बरोबर तालुक्याच्या मॅडम. हुकूम निघाला. अहवाल येईपर्यंत वाडीतलं एक पाखरू, एक अंडं बाहेर जायचं नाही. रोग निघाला तर वाडीतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या.

काकी पाटीसमोर फतकल मारून बसली. पाटीत कोंबडी, तिच्या खाली अकरा अंडी. "ही रवणीक बसली आसा, डॉक्टर. उद्या-परवा पिलां फुटतली. हिका मारतल्यात?"

"काकी, माझ्या हातात काय नाय," मी म्हणालो. सगळं माझ्याच हातांनी केलेलं. काकीकडे बघवेना, म्हणून मी वही चाळत बसलो.

मॅडमनी काकीला शांतपणे विचारलं, "कोंबडे कधीपासून आजारी होते?"

"आजारी कोण?" काकी बाबलभाऊंकडे वळली. "तू गप रव, बाबल. तुझा काय जाता? माझी कोंबी जाता." आणि मॅडमना म्हणाली, "बाय, कोंबे राखणीक दिले. घराक एक, मोठ्या घरांनी दोन."

राखण म्हणजे माहीत आहे ना? वर्षातून एकदा सीमेवरच्या राखणदाराला कोंबा द्यायचा, की वर्षभर गावावर त्याची नजर.

"मग आधी सांगितलं का नाही?" मॅडम म्हणाल्या.

बाबलभाऊ खाली बघत म्हणाले, "आमका वाटला, सरकार राखण बंद करूक इला. वही घेऊन कोंबे मोजणारो माणूस आणि कित्याक येतलो?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इकडचेच ना?"

"हो. कुडाळचा."

"तुमच्याकडे राखण नसते?"

"असते. पण आमची दुसऱ्या महिन्यात असते."

मॅडमनी माणसांना झगे काढायची खूण केली.

झगे उतरले, हुकूम मागे घेतला. काकी पाटी उचलून घरात गेली. पुढे तिची नऊ पिल्लं फुटली, ती भेटेल त्याला सांगते. माझ्याकडे बघून जरा मोठ्याने सांगते.

पण एकदा नोंद झालेला फॉर्म तसाच बंद होत नाही. मॅडम मोठ्याने वाचत भरायला लागल्या. "मृत पक्षी, एकेचाळीस. कारण, राखण. मृत पक्ष्यांची विल्हेवाट कशी लावली?"

"खाल्ले," बाबलभाऊ म्हणाले. "चाळीस आमी. एक डॉक्टरांका धाडलो, बुधवारी दवाखान्यात. डबो अजून येवचो आसा."

बुधवार. वडे आणि सागोती. नकाशावर बदकं बघत बघत मी हाडं चोखली होती. डबा कसला, कुणाकडून, काही विचारलं नव्हतं. उलट शिपायाला म्हणालो होतो, गावठी कोंब्याची चव वेगळीच.

मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे केला. शेवटचा रकाना रिकामा होता. 'विल्हेवाट लावणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव व सही.'

काय करणार? केली सही.