नकाशावरच्या लाल टिकल्या

रविवारी दुपारी मंगलताईंच्या दारात उभी होते, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला. नॉटिंगहॅमला येऊन तीन वर्षं झाली, पण त्यांची बेल वाजवताना हात इतका जड कधी झाला नव्हता…

कारण दोन वर्षांपूर्वीचं आहे. कौन्सिलने आमच्या भागातल्या प्रायमरी शाळेची प्रवेशाची हद्द, म्हणजे इथल्या भाषेत कॅचमेंट, बदलायचं ठरवलं. तसं झालं असतं तर आमचा अख्खा रस्ता बाहेर पडला असता आणि मुलांना दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागलं असतं. हरकती लेखी मागवल्या होत्या.

मला तर स्फुरणच चढलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. इचलकरंजीत गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज मी दहा वर्षांची असल्यापासून लिहीत आले. इथेही मराठी मंडळात कुणाला कौन्सिलचं पत्र आलं की मलाच फोन… शिकले ते यासाठीच, असं वाटायचं.

नेमकी संक्रांत आली आणि मंडळातल्या नीता वहिनींकडे हळदीकुंकू ठरलं. थंडीत दारोदार फिरायला नको, सगळ्या बायका एकाच घरात सापडणार. तिळगूळ घेतला की सही, असा मी नियमच केला. "अगं, आधी कुंकू तरी लावू दे तिला, मग तुझं कौन्सिल!" वहिनी ओरडत होत्या आणि सगळ्या हसत होत्या.

मंगलताई कुठे दिसेनात. त्या आमच्या समोरच्याच बाजूला राहतात, हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. आदल्या वर्षी त्यांचे मिस्टर अचानक गेले, आणि घरात त्या आणि छोटी गार्गी एवढ्याच उरल्या. मी किचनमध्ये जाऊन वहिनींना विचारलं, तर त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांना कसं बोलवायचं गं? त्यांनाच बरं वाटणार नाही."

मी तिथेच वाद घालायला हवा होता. कॉलेजात याच विषयावर बोलून वक्तृत्वाचं बक्षीस घेतलं होतं मी! पण बाहेर सह्या चालल्या होत्या, सगळ्या खुशीत होत्या… मंगलताईंची सही घरी जाऊन घेऊ, असं मनाशी म्हटलं आणि बाहेर आले.

नंतर गेलेच नाही. ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मग हरकतींची शेवटची तारीख आली.

पाठवायच्या आदल्या दिवशी मी भागाचा मोठा नकाशा प्रिंट केला. वाण म्हणून मिळालेलं टिकल्यांचं पाकीट पर्समध्ये तसंच होतं. सही केलेल्या प्रत्येक घरावर एकेक लाल टिकली लावली आणि सगळ्या टिकल्या आत येतील अशी आमची पर्यायी हद्द आखली. रेघ रस्त्याच्या मधोमध गेली. समोरच्या बाजूला एकही टिकली नव्हती, म्हणून तिकडे मी पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

कौन्सिलने ती रेघ जवळजवळ जशीच्या तशी मान्य केली. वहिनींनी घरी पेढे करून वाटले. पहिला मला…

गेल्या एप्रिलमध्ये मंगलताई एक पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. गार्गीला लांबची शाळा मिळाली होती. "तू बघ गं जरा, यांचं काहीतरी चुकलंय. माझ्या किचनमधून आपल्या इथल्या शाळेचं मैदान दिसतं!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी हद्दीचं सगळं सांगितलं, आमच्या नकाशाचंही. लपवावंसं फार वाटलं, पण लपवलं नाही.

"सह्या कधी घेतल्यास?"

"संक्रांतीला… नीता वहिनींकडे."

"अच्छा. हळदीकुंकवाला." एवढंच म्हणाल्या. पत्राची नीट घडी घातली आणि गार्गीला शेजारी ठेवलंय म्हणून निघाल्या.

अपील मीच लिहिलं. आयुष्यात इतकं मन लावून काही लिहिलं नसेल. ते फेटाळलं गेलं. पॅनेलवरच्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या की, हद्द ठरत होती तेव्हा त्या बाजूने एकही हरकत आली नव्हती.

वॉर्डची ड्युटी आणि दोन बस यांचा मेळ बसेना, तेव्हा मंगलताईंनी वॉर्ड सोडला. तो वॉर्ड त्यांचा जीव होता. आता एका क्लिनिकमध्ये अर्धा दिवस काम करतात. सकाळी ऑफिसला जाताना दोघी स्टॉपवर दिसतात. गार्गी मला बघून जोरजोरात हात हलवते…

यंदाही हळदीकुंकू नीता वहिनींकडेच आहे. या वेळी मी आधीच सांगितलं, मंगलताईंना बोलावणं नसेल तर मीही येणार नाही. भांडायच्या तयारीने गेले होते. वहिनी म्हणाल्या, "बरं, मग तूच जा बोलवायला." बस. इतकं सोपं होतं ते.

रविवारी मंगलताईंनी चहा केला, तिळाची वडी दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "येत्या शनिवारी ना? क्लिनिक आहे गं माझं."

फ्रिजवर त्यांचं महिन्याचं टाइमटेबल लावलेलं होतं. शनिवारचा चौकोन कोरा होता. तो मी पाहिला, आणि मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं.

निघताना त्यांनी दोन वड्या हातात दिल्या, नेहमीसारख्याच मायेने. त्या घेऊन मी रस्ता ओलांडला. बोलायचं होतं ते दोन वर्षांपूर्वी, वहिनींच्या किचनमध्ये.