पाटणकरांच्या पिकअपमधल्या सायकली

लखनौ सोडून इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जुनी मंडळी कुठल्या लग्नात भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "ती सायकलींची गंमत सांगा ना!" आता त्यातली कुठली सांगणार? आम्ही सायकली चालवल्या थोड्या आणि वाहून नेल्या जास्त. त्यामुळे किस्से सगळे वाहून नेण्याचेच!

नव्वदच्या दशकात जाड टायरच्या, गिअरवाल्या माउंटन बाइक बाजारात आल्या आणि आम्ही तिघांनी हौसेने घेतल्या. मी बँकेतला. पाटणकरांचा चिनहटला प्लास्टिकच्या बादल्यांचा छोटा कारखाना. आणि सबनीससाहेब एअर फोर्समधून रिटायर होऊन अलीगंजला राहिलेले. लखनौत डोंगर म्हणाल तर रेल्वेचा उड्डाणपूल! म्हणून रविवारी सकाळी पाटणकरांच्या पिकअपच्या हौद्यात सायकली टाकायच्या आणि चिनहटच्या पुढे कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यावर नेऊन चालवायच्या, असं ठरलं.

* * *

पहिल्या रविवारी आम्ही सायकली एकीवर एक आडव्या रचल्या. वाटेतल्या खड्ड्यांनी आपलं काम चोख केलं. याचं पायडल त्याच्या स्पोकमध्ये, त्याचं हँडल तिसऱ्याच्या चेनमध्ये!

वाटेत चहाला थांबलो. चहावाल्याने हौद्यात डोकावून पाहिलं आणि अदबीने विचारलं, "भाईसाहब, यह कबाड़ किस भाव दीजिएगा?"

पाटणकर चहा अर्धा टाकून उठले.

* * *

मग सबनीससाहेबांनी सूत्रं हातात घेतली. "तीस वर्षं विमानात सामान बांधलंय मी. तुम्ही फक्त दोरी धरा!"

नायलॉनची दोरी आली, जुन्या ट्यूब कापून केलेले पट्टे आले. फ्रेम हौद्याच्या कड्यांना, चाकं एकमेकांना, हँडल समोरच्या दांड्याला. कालव्यापर्यंत सायकली तसूभर हलल्या नाहीत. फक्त तिथे गेल्यावर त्या सुटेनात! नखं तुटली, दात लावून झाले, ऊन चढलं. शेवटी पाटणकरांनी डब्यातले पोहे काढले, आम्ही ते खाल्ले आणि तसेच घरी परतलो.

दारातच वहिनींनी, म्हणजे मिसेस सबनीसांनी विचारलं, "काय, झालं का सायकलिंग?"

साहेब छाती काढून म्हणाले, "एकही सायकल हलली नाही!"

* * *

बांधणं जमलं, पण फ्रेमवर फ्रेम घासून रंग जायला लागला. मध्ये घालायला मऊ काहीतरी हवं होतं. साहेबांनी गुपचूप घरातली गोधडी आणली. वहिनींच्या आईने शिवलेली, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली गोधडी!

पुढच्याच आठवड्यात नागपूरहून वहिनींचे दादा आले. सकाळी ते अंगणात दात घासत होते आणि त्यांच्या पांढऱ्या बनियनवर पाठभर चेनचा काळा ठसा, अगदी कडीन् कडी मोजून घ्यावी असा. वहिनी नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"अगं, पण सायकलवर एक ओरखडा नाही!" साहेब म्हणाले.

वहिनींचं आणि त्या सायकलींचं कधीच जमलं नाही, ते असं.

* * *

एकदा पाटणकर मागचा फाळका लावायलाच विसरले. गोमती नगरात स्पीडब्रेकरवर पिकअप उडाला, फाळका पडला आणि माझी सायकल खाली घसरली. पण पट्टा सुटला नव्हता. ती मागच्या चाकावर उभी राहून पिकअपमागून ऐटीत चालत येऊ लागली.

एका स्कूटरवाल्याने बाजूला येऊन सांगितलं, "अंकलजी, आपकी साइकिल पीछे-पीछे आ रही है!"

पाटणकरांनी आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि शांतपणे म्हणाले, "आने दीजिए, घर की ही है।"

* * *

पुढे एका वर्षी सबनीससाहेबांचे गुडघे फारच दुखायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ये सर्दियाँ चला लीजिए, फिर साइकिल बंद।" दोन दिवसांनी साहेब आमच्याकडे येऊन म्हणाले, "एकदा खऱ्या घाटातून उतरायचंय, बास. माउंटन बाइक घेतली आणि माउंटन पाहिलाच नाही, असं नको व्हायला. उताराला गुडघे कुठे लागतात?"

वहिनी म्हणाल्या, "मी बरोबर येणार. यांना अडवायला कुणीतरी हवं!"

साहेबांनी या सफरीसाठी नवीन युक्ती काढली. पुढची चाकं काढायची आणि ती बसतात ते चिमटे हौद्यात ठोकलेल्या फळीवर आवळायचे. सायकली दगडासारख्या उभ्या राहिल्या. वर ताडपत्री. भल्या पहाटे चौघे निघालो. पाटणकरांच्या पिकअपला पुढे सीटच्या दोन रांगा होत्या, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. साहेब वाटभर लहान मुलासारखे बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नैनितालच्या वाटेवर, घाटाच्या माथ्यावर थांबलो. समोर रस्ता वळत वळत खाली गेलेला. ताडपत्री काढली. तीन सायकली उभ्या होत्या, आणि पुढची तिन्ही चाकं, चादरीत नीट गुंडाळून बांधलेली, अलीगंजला साहेबांच्या व्हरांड्यात राहिली होती!

मी आसपासच्या दोन दुकानांत विचारून आलो, पण त्या मापाचं चाक नव्हतं. साहेब फाळक्यावर बसले आणि खाली घाटाकडे बघत राहिले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

मग वहिनींनी पदर खोचला, पाटणकरांचा हात धरून हौद्यात चढल्या आणि साहेबांची सायकल गदागदा हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"बसा हिच्यावर," त्या म्हणाल्या.

"अगं..."

"बसा म्हणते ना! पाटणकर भावजी, गाडी अगदी सावकाश घ्या."

साहेब सीटवर बसले. हँडल धरलं. वहिनी मागे, एका हाताने हौद्याची कड आणि दुसऱ्या हाताने त्यांचा कमरेचा पट्टा घट्ट धरून. पिकअप माणसाच्या चालीने घाट उतरू लागला. वळणावळणाला साहेब घंटी वाजवत होते, वळणाकडे कलत होते. वर चढणारी एक बस चक्क थांबली, खिडक्यांतून माणसं बाहेर झुकली. साहेबांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं.

एक मोठं वळण आलं. तेवढ्यात केबिनच्या मागच्या काचेवर धाडधाड थापा पडल्या. मी घाबरून काच सरकवली.

वहिनी ओरडत होत्या, "भावजी, हळू! ते ब्रेक लावतायत!"