पाळीखालची शेवटची बांधी

राणीसाहेब गेल्याचं चिचटोल्यात सकाळी सहाला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून कळलं. सरपंच योगेंद्र स्वतः बोलत होता. आवाज जड करून त्यानं सांगितलं, की रुखमिणीदेवी राणीसाहेब काल संध्याकाळी नागपूरच्या दवाखान्यात निवर्तल्या, त्यांना रात्रीच मोठ्या घरी आणलं आहे, अंत्ययात्रा दुपारी बारा वाजता तलावाच्या पाळीवरून निघेल, आणि त्यांच्या सन्मानार्थ आज गावात भाताची रोवणी बंद राहील.

शकुनबाईनं चहा गाळून घेतला. कप नवऱ्यापुढं ठेवला. कोपऱ्यातलं मेणकापड उचलून खांद्यावर टाकलं.

"कुठं चालली?" श्रावण म्हणाला. "आज बंद हाये ना."

"बांधी राह्यली."

"राणी मेली अन् तुले बांधी दिसून राहिली?"

"राणी मेली म्हनूनच," ती म्हणाली आणि निघाली.

शकुनबाई सदुसष्ट वर्षांची आहे. मोहाडीकडच्या एका खेड्यातून ती सोळाव्या वर्षी इथं लग्न होऊन आली, आणि आली ती आषाढात, म्हणजे हळद उतरण्याआधी चिखलात उतरली. तेव्हापासून एकावन्न रोवण्या झाल्या. गेली तीस वर्षं गावातल्या वीस-बावीस बायांची टोळी तिच्या शब्दावर चालते. भाताच्या खाचरांतली कुठली बांधी आधी, कुठली मग, तलावाचं पाणी कुणाकडं कधी वळतं, कुणाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, किती दिवसांचे झाले, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. तिनं धरलेली पात, रोवायची पट्टी, सुतासारखी जाते. रोवणारी बाई पुढं जात नाही, मागं मागं सरकते. काय झालं ते तिला दिसतं, काय उरलं ते पाठीला कळतं. शकुनबाईच्या पाठीला ते फार नेमकं कळतं.

गावाची रोवणी दर वर्षी एकाच ठिकाणी संपते. तलावाच्या पाळीखाली मोठ्या घरची एक लांबलचक बांधी आहे, तिथं. ती रोवून झाली, की बाया तिच्यातला मूठभर चिखल उचलतात आणि कडेच्या धुऱ्यावरून, तलावाच्या पाळीवरून जो कोणी जाईल त्याच्या पायाला लावतात. ज्याला चिखल लागला त्यानं बोजारा द्यायचा. गूळ, पोहे, नारळ, जे असेल ते. त्याशिवाय वाट सुटत नाही. पण चिखल घ्यायचा तो पुरी झालेल्या बांधीचाच. अर्ध्या बांधीचा चिखल लावला तर पीक अर्धं येतं, असं इथं मानतात.

मोठ्या घरची जमीनदारी कायद्यानं गेली त्याला सत्तर वर्षं उलटली. राजे म्हणणं मात्र गावानं सोडलं नाही. त्यामुळे मोठ्या घरात परणून आलेली बाई राणीच झाली. शकुनबाईची पहिली रोवणी संपली त्या दुपारी ही राणी पाळीवरून एकटीच येत होती. सव्वीस वर्षांची, साधं सुती लुगडं, हातात चपला. गावात नव्या आलेल्या शकुनला काय ठाऊक? तिनं धावत जाऊन वाट अडवली आणि दोन्ही पायांना घोट्यापर्यंत चिखल थापला.

मागं सगळ्या बाया दगडासारख्या झाल्या. मोठ्या घरच्या माणसांना हा चिखल कधीच लावत नसत.

"बोजारा द्या," शकुन म्हणाली.

"माझ्याकडं आत्ता काहीच नाही," ती बाई म्हणाली.

"मंग एक पात रोवा."

आणि राणी उतरली. बांधी झालेली होती, म्हणून शकुननं कडेला थोडी जागा दाखवली. राणीनं रोपांचे सहा चूड रोवले. ओळ अशी वाकडी, की शकुनला हसू आवरेना. "घरी सासू मारत नाई काय तुमाले?" तिनं विचारलं. राणी म्हणाली, "आज मारेल." ती पाळीवर चढून दिसेनाशी झाल्यावर मनकर्णानं, शकुनच्याच वयाच्या नव्या सुनेनं, तिला कोण ते सांगितलं. शकुन तीन दिवस तापानं पडली.

पुढच्या वर्षी रोवणी संपली त्या दिवशी राणी पाळीवर येऊन उभी होती. "काय गं," ती म्हणाली, "या वर्षी वाट नाही अडवायची?"

तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. एकदा राणीसाहेब एक दिवस आधीच आल्या; दुसऱ्या दिवशी त्यांना राजेसाहेबांबरोबर भंडाऱ्याला समारंभाला जायचं होतं. शकुनबाईनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, "बांधी उद्या होते. उद्या या." राणीसाहेब दुसऱ्या दिवशी आल्या. समारंभाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. राजेसाहेब वारले त्या वर्षी राणीसाहेबांना बाहेर पडायची बंदी होती. शकुनबाई चिखल घेऊन मोठ्या घराच्या मागल्या दाराशी जाऊन बसली. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि उंबऱ्याबाहेर फक्त एक पाऊल आलं. मग दुसरं. आतून आवाज आला, "सगळे हात लावतात ते नमस्काराला. तू एकटी लावतेस ती वसुलीला." शकुनबाई सांगते, की त्या वर्षीचा बोजारा राणीसाहेबांनी हसून दिला, आणि तेरा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

हे यंदाचं वर्ष मात्र अडलं होतं. पाळीखालची बांधी निम्मी झाली होती, निम्मी राहिली होती. उरलेल्या निम्मीला वीस बाया असल्या तरी तीन तास लागतात. राणी दुपारी बाराला जाणार होती.

बांधीवर नऊ जणी आल्या. बाकीच्या न्हाऊन, धुतलेली लुगडी नेसून दर्शनाला गेल्या होत्या. काल उपटलेल्या पऱ्ह्यांच्या पेंड्या पाण्यात तशाच उभ्या होत्या.

"नऊ जनीत कशी होईन वं?" मनकर्णाबाई म्हणाली. तिचीही कंबर आता वाकली आहे, पण जीभ ताठ आहे. "त्यापरीस झालेल्या भागातला मूठभर चिखल उचल, अन् लाव. कोन पाहून राहिलं?"

"थे पाहते," शकुनबाई म्हणाली.

"मेलेली बाई?"

"जिती होती तवा वापस धाडलं मी तिले. आता मेली म्हनून फसवू काय? वाक खाली."

त्या वाकल्या. पाऊस नव्हता, आभाळ खाली आलेलं होतं आणि तलाव शिशासारखा पडून होता. चिखलात बोटं शिरण्याचा आणि पाय निघण्याचा आवाज तेवढा येत होता. मग कामिनी, टोळीतली सगळ्यात तरणी, कंबर सोडवायला धुऱ्यावर गेली आणि पुसलेल्या हातानं मोबाइल उघडून वाचू लागली. गावच्या ग्रुपवर श्रद्धांजल्या धडाधड येत होत्या. दानशूर. धर्मपरायण. राजेसाहेबांच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या राहिल्या.

"सावलीले चिखल लागते काय वं?" मनकर्णाबाईनं खालूनच विचारलं, आणि नऊच्या नऊ जणी हसल्या. शकुनबाईसुद्धा.

"चौकातलं बॅनर पाह्यलं काय, आजी?" कामिनी म्हणाली. "लाखनीहून आनलं. राणीसाहेबाचा एकटीचा फोटोच नाई भेटला म्हने. राजेसाहेबाच्या खुर्चीमागचा होता, थोच कापला. खांद्यापाशी राजेसाहेबाचा फेटा दिसून राहिला अर्धा."

शकुनबाईचा हात थांबला, एका चुडाएवढा. "एकटी तं ती पाळीवरून येत होती," ती म्हणाली. "तिथं कोनाच्या हाती कॅमेरा नवता." आणि मागं सरकली.

दहाच्या सुमारास सरपंच योगेंद्र पांढऱ्या कपड्यांत पाळीवर आला.

"शकुनमावशी, काय हे? गावानं ठराव केला ना. आमदारसाहेब येऊन राहिले. पाळीखाली बाया रोवनी करून राहिल्या असं दिसलं तं काय म्हनतीन?"

"म्हना, पऱ्हे सडून राहिले होते."

"राणीसाहेबाचा मान नाई काय?"

शकुनबाई पहिल्यांदा सरळ उभी राहिली. कोपरापर्यंत काळे हात तिनं बाजूला धरले. "योगेंद्रा, तुह्या बापाच्या लग्नाच्या आदीपासून तिचा मान मी ठेवून राहिली. तू हार आन. मी बांधी करतो. ज्याले जे येते थे त्यानं करावं."

योगेंद्र मोबाइलवर काहीतरी बोलला आणि निघून गेला. पण त्यानं गावात जाऊन तक्रार केली असावी, कारण अर्ध्या तासानं दर्शनाहून परतलेल्या बायांपैकी पाच जणी पाळीवरून खाली आल्या. धुतलेली लुगडी त्यांनी गुडघ्यावर खोचली आणि पात धरली. त्यांच्या मागून श्रावणही आला. त्याचे गुडघे गेलेले. वाकता येत नाही. तो धुऱ्यावर बसून पेंड्या फेकू लागला.

"राणी मेली अन् तुमाले पेंड्या दिसून राहिल्या?" शकुनबाईनं विचारलं.

"चूप रोव," श्रावण म्हणाला.

बारा वाजायला आले तेव्हा तीन पाती उरल्या होत्या. गावाकडून टाळांचा आवाज निघाला आणि पाळीच्या वळणावर पांढरी गर्दी दिसू लागली. पाळ अरुंद, म्हणून खांदेकरी हळू येत होते. शकुनबाईनं मान वर केली नाही. तिच्या पाठीनं मोजलं: दोन पाती. मग दीड. आवाज डोक्यावर आला तेव्हा पुरी एक पात उरली होती.

ती चिखलातूनच पाळीकडं वळली आणि तिनं हात वर केला. कोणालाही अडवावं, तसा.

"थांबा!"

गर्दीत कुजबूज झाली. पुढचा कोणी तरी ओरडला, "ओ बाई, बाजूला!" योगेंद्र पुढं सरसावला. पण खांदा दिलेला राणीसाहेबांचा मुलगा भुपेंद्रबाबू थबकला, आणि एक थांबला तसे चारही थांबले. हा नागपुरात राहतो, पन्नाशीचा आहे. लहानपणी त्यानं दर आषाढात आईला चिखलाच्या पायांनी घरात येताना पाहिलेलं होतं, आणि फरशीवरच्या त्या पावलांवरून आजीनं घातलेला गोंधळ ऐकलेला होता. त्यानं बांधीकडं पाहिलं. हिरव्याच्या कडेला काळी पट्टी राहिली होती.

"किती राहिलं?" त्यानं विचारलं.

"एक पात, बाबू."

"होऊ द्या."

चौदा बाया एका पातीवर आल्या. पाळीवर दोनेकशे माणसं, आमदार, हारांच्या दोन गाड्या मागं सोडून पायी आलेले लोक, सगळे उभे. टाळ थांबले. कोणाला भाषण सुचलं नाही. खाली चौदा वाकलेल्या पाठी मागं मागं सरकत होत्या आणि त्यांच्यापुढं उभी ओळ वाढत होती. फार तर दहा मिनिटं लागली असतील. शेवटचा चूड शकुनबाईनं लावला. मग त्याच्या बुडाचा चिखल मुठीत घेऊन ती पाळीवर चढली. मधे सरपंच होता. तो बाजूला झाला.

पाय शेल्याखाली होते, शेल्यावर झेंडूचे हार. भुपेंद्रबाबूनं मोकळ्या हातानं स्वतः शेला सरकवला. शकुनबाईनं आधी डाव्या पायाला चिखल लावला, मग उजव्या, घोट्यापर्यंत, कुठं कोरडं राहू नये म्हणून अंगठ्याच्या फटीतही. पाय थंड होते, पण टाच ओळखीची होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. चेहऱ्यावर आधीच इतका चिखल उडालेला होता, की सांगता येणार नाही. मान मात्र तिची ताठ होती.

"यंदाचा बोजारा..." भुपेंद्रबाबू म्हणाला. "काय देऊ, मावशी?"

"तुमाकडून आज नाई," ती म्हणाली. "आज तिचा होता, थो झाला. तुमचा पुढल्या साली. पायी या, एकटे या. अन् बांधी झाल्यावर या, नाईतं वापस धाडीन."

खाली मनकर्णाबाई फुसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

खांदेकऱ्यांनी पाऊल उचललं. टाळ पुन्हा सुरू झाले. शेला कोणी पुन्हा झाकला नाही, त्यामुळे तलावाच्या टोकाला असलेल्या घाटापर्यंत, हारांच्या ढिगाखालून बाहेर आलेले ते दोन काळे पाय सगळ्यांना दिसत राहिले. शकुनबाई पाळीवर उभी राहून पाहत होती. मग ती खाली उतरली, पाटात बसली आणि हात धुतले.

"उद्या कुठं?" कामिनीनं विचारलं.

"उद्या सुट्टी," शकुनबाई म्हणाली. "रोवनी झाली गावाची."