प्रस्थान ठेवलेली पिवळी पिशवी

त्या तळ्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुण्याहून माणसं बाकरवडी घेऊन येतील आणि आम्हाला तंबू ठोकायला जागा उरणार नाही. एवढंच सांगतो, की चेन्नईहून पश्चिमेला दिवसभर गाडी हाकून घाट चढला की जंगलात एका जुन्या धरणाचं पाणी लागतं. त्यात हत्ती आंघोळ करून बाहेर पडले की पातळी हातभर उतरते. मी हे पाहिलेलं नाही, पण तिथल्या माणसाला फोनवर विचारलं तेव्हा त्याने नाकारलंही नाही.

त्या पाण्यावर कॅनू घेऊन जायचं, हे माझ्या बायकोने ठरवलं. कॅनू म्हणजे अरुंद, दोन्हीकडून टोकदार होडी. दोघं एकामागे एक बसतात आणि हातातली सुटी वल्ही मारतात. काठावर तंबू ठोकून मुक्काम करायचा, रोज सकाळी तिथून पाण्यातल्या बेटांकडे निघायचं आणि वारा सुटायच्या आत परतायचं. मी कृष्णाकाठचा. आमच्याकडे म्हशी जन्मल्या जन्मल्या पोहतात. पुराच्या वर्षी माझे एक काका दाराच्या फळीवर बसून तालुक्याला गेले आणि रेशन न भिजवता परत आणलं. मला स्वतःला पोहता येत नाही, पण भीती त्याची नव्हती. लाइफ जॅकेट धोंड्यालाही तरंगवतं.

भीती होती बायकोच्या दम्याची. गेली काही वर्षं तो असा वाढला होता, की दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरापलीकडे आम्ही कुठे मुक्कामाला गेलो नव्हतो. तिच्या सख्ख्या मावसबहिणीचं तंजावरमधलं लग्न आम्ही मोबाइलवर पाहिलं. आता औषध बदललं होतं, तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याबरोबर या बाईने शोधून शोधून अशी जागा काढली जिथे फोनची रेंजसुद्धा जात नाही.

"तिथेच का पण?" मी विचारलं.

"इथे मी पेशंट आहे. कोपऱ्यावरचा फुलवालासुद्धा मोगरा मोजता मोजता माझा श्वास विचारतो. मला कुठेतरी जाऊन नुसतं थकायचंय. बाकीची माणसं थकतात तसं."

मी नियोजन हातात घेतलं. चेन्नईत सिरुसेरीच्या ऑफिसात माझं काम हेच आहे. दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये काय काय बिघडेल ते आधी सांगायचं. तिथे पगार मिळतो म्हणून बेताने सांगतो. इथे फुकटचं काम होतं, त्यामुळे हात राखला नाही. कॅम्पवाल्याला मी इतके फोन केले, की त्याची बायको मला आवाजावरून ओळखायला लागली.

"जवळचा दवाखाना?"

"आहे की सार. जीपने दोन तास. हत्ती रस्त्यात नसला तर."

"आणि असला तर?"

"मग ते हत्तीवर आहे सार."

"बायकोला दमा आहे हो."

"इथली हवा फर्स्ट क्लास. माझ्या सासूचा दमा इथेच गेला."

"दमाच गेला ना? सासूबाई आहेत ना?"

पलीकडे त्याने आत हाक मारली. "आहेत सार. बोलायला देऊ?"

मी बोललो. आवाज खणखणीत होता. तरी मन मानेना.

मग मी पाणी न शिरणारी पिवळी पिशवी मागवली. तिच्यात अप्पळम्, म्हणजे इकडचे पापड, भरून ती पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवली. बाहेर काढून तळले तर ते नेहमीपेक्षा कुरकुरीत झाले. पिशवी पास. मग घरभर फिरून बायकोचे सगळे इन्हेलर गोळा केले. पर्समधला, उशीखालचा, फ्रिजवरचा, गाडीतला. त्यांच्यासोबत गोळ्या आणि वाफेचं छोटं मशीन. सगळं एका जागी, कोरडं, डोळ्यांना दिसेल अशा रंगात. ऑफिसात असं काही केलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच राहतात. त्या तंजावरच्या मराठी. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज इकडे आले ते आपली भाषा डब्यात घालून. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, म्हणून तमिळ आत शिरली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि मला हाक मारली.

"मापिळ्ळै." म्हणजे जावई. "शुक्रवारीं पश्चिमेस शूलम् अहे. त्या दिशेस कोण निघतें?" शूलम् म्हणजे त्या वारी त्या दिशेचा प्रवास वर्ज्य.

"आई, रजा शुक्रवारपासूनच मिळालीय."

"गूळ खाऊन निघतात लोक. पण माझी लेक आजारी. नुसत्या गुळानें मला धीर नाहीं. प्रस्थान ठेवूं."

प्रस्थानाची रीत मी लहानपणी नुसती ऐकली होती. आमच्या बाजूला ती कधीच विरली, यांच्याकडे ताजी होती. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एक वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू उंबरा ओलांडून गेली म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग प्रत्यक्ष निघताना ती उचलायची. मात्र मधल्या काळात ती घरी परत आणायची नाही.

सोमवार चांगला होता. मी ऑफिसात, बायको शाळेत शिकवायला. सासूबाईंनी विचार केला, की प्रस्थानाला ठेवायची वस्तू प्रवासातली सगळ्यांत मोलाची हवी. माझ्या नियोजनामुळे ती कोणती, याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. त्यांनी पिवळ्या पिशवीला कुंकू लावलं, वर सुपारी ठेवली आणि ती खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामींच्या देवघरात नेऊन ठेवली.

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा गल्लीत डासांच्या धुराची गाडी नुकतीच फिरून गेली होती. धूर जिन्यात साचला होता. दार उघडलं तर बायको जेवणाच्या टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकून बसली होती आणि तिच्या छातीतून शिट्टी ऐकू येत होती. तिने नुसतं बोटाने फ्रिजच्या वर दाखवलं, जिथे इन्हेलर असायचा.

"पिशवी कुठाय?"

सासूबाई लेकीची पाठ चोळत होत्या. "मामींकडे."

मी खाली धावलो. मामींच्या दाराला कुलूप. भाच्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला त्या टी. नगरला गेल्या होत्या, आणि लग्नसराईत टी. नगरला गेलेलं माणूस नातवंडं घेऊनच बाहेर येतं. फोन वाजत राहिला. कुलूप मी हाताने ओढून पाहिलं. पुढे मी लोकांना सांगत आलोय, की कुलूप वाकलं. वाकलं नव्हतं.

कोपऱ्यावरचं मेडिकल उघडं होतं. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात सासूबाईंची. दुकानदार मला ओळखत होता, त्याने काही न विचारता इन्हेलर काढून दिला. परत येताना जिना संपत नव्हता. तसे मजले दोनच.

ती तशीच बसली होती. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होती, जणू गरम कॉफीवर फुंकर घालतेय. माझ्याकडे न बघता तिने हात पुढे केला, औषध ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं. शिट्टी बारीक होत होत थांबली. मग ती म्हणाली, "तू बस आधी. तुलाच धाप लागलीय."

सासूबाई उठल्या. "नक्को तें तळें. मी पिशवी परत आणतें." हे त्या बोलल्या, त्यांच्या तोंडून, रीत मोडून. मला तर हेच हवं होतं. कॅम्पवाल्याला काय सांगायचं तेसुद्धा मनात तयार होतं.

"थांबा दोघंही," बायको म्हणाली. "आज मी शहरात होते. कोपऱ्यावर मेडिकल, पुढच्या चौकात हॉस्पिटल. तरी मला लागलं तेव्हा औषध नव्हतं. का? तर तुम्ही दोघांनी मिळून ते सुरक्षित ठेवलं होतं." तिने श्वास घेतला. "उद्या डॉक्टरांकडे जाते. ते नको म्हणाले तर नाही जाणार. तुम्ही नको म्हणालात तर जाणार."

डॉक्टरांनी छाती तपासली, रोजच्या औषधाचा डोस वाढवला, धुराजवळ थांबायचं नाही असं बजावलं, आणि जा म्हणाले. मी त्यांना हत्तींचं सांगितलं. ते म्हणाले, हत्ती माझ्या विषयात येत नाहीत.

मामींच्या देवघरातली पिशवी तिथेच राहिली, फक्त आतले इन्हेलर बायको स्वतः जाऊन काढून घेऊन आली. सासूबाई कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या होत्या, म्हणजे त्यांनी पाहिलं नाही. एक इन्हेलर दोरीला बांधून बायकोच्या गळ्यात, एक माझ्या खिशात, एक तंबूत राहील. वाटणी तिने केली. मला कुणी विचारलं नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने मला गच्चीवर नेलं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडलेल्या, दोन केरसुण्या भिंतीला टेकवलेल्या. सरावासाठी. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे गोळा करणारी बाई काम सोडून आमच्याकडे बघत राहिली.

"तू पुढे," बायको म्हणाली. "पुढच्याने नुसतं वल्हवायचं. दिशा मागचा ठरवतो."

"मग मी मागे बसतो."

"तुला दिशा कळते का? टी. नगरमध्ये हरवतोस."

"तू मागे बसलीस तर मला दिसणार कशी? काही झालं तर?"

"ऐकू येईल तुला."

"आणि नाही आलं तर?"

"नाही आलं तर मी बरी आहे. वल्हव."

समुद्राकडून वारा सुटला होता. मी केरसुणी हवेत बुडवली आणि ओढली, बुडवली आणि ओढली. तोंड पश्चिमेकडे, डोळे समोरच्या पाण्याच्या टाकीवर, आणि दोन्ही कान मागे वळवलेले, सशासारखे. खालून बस गेली. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि माझा हात थांबला.

"कुकर आहे," मागून आवाज आला. "डावीकडे घे."

मी डावीकडे घेतलं.