बटण आणि दोऱ्याची लड

मी डबा भरत होते. शर्टाचं बटण तुटलेलं पाहून हे म्हणाले, "राहू दे गं, संध्याकाळी लाव." त्या दुपारी कुवेतमध्ये, फहाहीलला कामावरच हे कायमचे गेले.

मैत्रिणींनो, काल नातवाचा पहिला वाढदिवस झाला. सून कोरियन. त्यांच्यात बाळापुढे पेन, चेंडू, दोऱ्याची लड मांडतात. दोरा उचलला तर दीर्घायुष्य. मी दोरा गुपचूप त्याच्या गुडघ्याशी सरकवला.

त्याने पेन उचललं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी दोरा त्याच्या मुठीत कोंबत होते. बाळ रडलं.

"आई, खेळ आहे तो. सोड ना," मुलगा म्हणाला.

तुम्ही सोडला असता?

आज सकाळी त्याच दोऱ्याने मी बाळाच्या सगळ्या शर्टांची बटणं पक्की केली.