उतार बांधला मास्तरांसाठी

बसा, सांगतो. पण माझ्या शहाणपणावर मध्येच हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, सगळ्यांनी मिळून. आमची ही तर आत्तापासूनच हसते आहे, बघा की.

नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. मी धारवाडच्या कोर्टात वकिली करायचो. सप्तापुरात आमचं घर, मागं भाड्याचे दोन भाग, एक खाली, एक वर. दोन्ही रिकामे. कोर्टातला एक मित्र म्हणाला, "अण्णा, एक मास्तर आहेत, अपंग. जूनमध्ये शाळेत रुजू व्हायचंय, आणि गावात कुणी घर देईना. जे देतात ते दुप्पट भाडं सांगतात. घर नाही मिळालं तर नोकरी सोडावी लागणार बिचाऱ्याला."

त्याचं बोलणं संपायच्या आत मी घर देऊन मोकळा. तेही निम्म्या भाड्यात. एवढं पुण्य घरबसल्या कुणाला मिळतं हो?

गवंडी बोलावला. खालच्या भागाच्या पायऱ्या फोडून उतार केला. नळ गुडघ्याएवढे खाली घेतले, उंबरा काढला, कमोड बसवला. गल्लीतून जाणाऱ्याला हाताला धरून उतार दाखवायचो. ही म्हणाली, "अहो, त्या मास्तरांना एकदा विचारा तरी, काय लागतं ते."

"अशा माणसांना असं विचारायचं नसतं," मी म्हणालो. "मन दुखावतं."

दिवसभर कोर्टात लोकांना नको नको ते विचारून पोट भरणारा माणूस मी. पण इथं मनाची काळजी.

तेवढ्यात बसवराज नावाचा बँकेतला कारकून आला. म्हातारी आई बरोबर, दोन्ही गुडघे गेलेले. त्याला खालचा भाग हवा होता.

"तो अपंगांसाठी राखीव आहे," मी म्हणालो.

"साहेब, अम्मा जिना कशी चढणार?"

"तुमच्या आईंचं म्हातारपण आहे. अपंगत्व वेगळं." आणि वर समजूत घातली, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं जमवून घ्या."

त्याला तरी दुसरं घर कुठं मिळत होतं? त्यानं आणि त्याच्या भावानं अम्मांना खुर्चीत बसवून वर नेलं. मी जिन्याखाली उभा राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत होतो. काम म्हणाल तर मी तेवढंच केलं.

जून आला. मास्तर रिक्षातून उतरले. हातात पांढरी काठी, डोळ्यांवर काळा चष्मा. चालणं माझ्यापेक्षा ताठ. पायरी शोधायला पाय टाकला तो उतारावर, आणि धडपडले. मी धरलं म्हणून वाचले. आत गेले, नळावर गुडघा आपटला.

"अण्णा, इथं पायऱ्या आहेत असं तुमचे मित्र म्हणाले होते ना?" गुडघा चोळत त्यांनी विचारलं. "पायरी मोजता येते हो. हा उतार कळतच नाही. वरचा भाग नाही का मिळणार? वर शांत असतं. मी सगळं कानानं करतो."

"पण मास्तर, तुमचे पाय..."

"पायांना काय झालं?"

काय सांगणार, कप्पाळ? ही पदर तोंडाला लावून आत पळाली.

वरून अम्मा सगळं ऐकत होत्या. आल्या दिवसापासून त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. "मास्तर, म्याल बर्री," त्यांनी वर यायला हाक मारली. मास्तर काठी टेकत झरझर वर गेले. दोघांचं काय ते कन्नडमध्ये पाच मिनिटांत ठरलं. मालकाला कुणी विचारलं नाही. का विचारतील?

संध्याकाळी अम्मा खाली आल्या. लेकाचा हात सोडून, भिंतीला धरत उतारावरून स्वतः आत-बाहेर करून बघितलं. नळ बसल्या जागी उघडला. कमोड बघून तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला भरून आलं हो, खोटं कशाला सांगू? आता आशीर्वाद देणार म्हणून मी जरा पुढंसुद्धा झालो.

अम्मा लेकाला म्हणाल्या, "घर भारी सोयीचं आहे रे. मालकच तेवढा अडचणीचा."

आमच्या हिनं त्यांना बसवून दोनदा चहा दिला. मला त्या दिवशी एकदाही मिळाला नाही.